आजीची जपमाळ आणि आमचे बावखल

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. इतिहास म्हटला की किल्ले, तह आणि लढाया, आणि आपल्या वसईला त्यांची वाण नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी तो जिंकला. मधल्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. इथेच जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रूसावर चढविण्यात आले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. हे सर्व पुस्तकांत आहे. पण पोर्तुगीज गेल्यावरही आमच्या घराघरांतील प्रार्थना थांबली नाही, ती कोणी चालू ठेवली? हा विचार मनात आला की मला माझी आजी दिसते. म्हणून तिच्याविषयीच चार शब्द लिहिते.

आमचे घर नंदाखालच्या बाजूला, वाडीत. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तांबडे लुगडे, गळ्यात जपमाळ आणि हाताला सदैव काम. पहाटे चूल पेटवण्यापूर्वी ती अंगणातल्या क्रूसापुढे उभी राही. शेजारच्या काकू त्याच वेळी तुळशीला पाणी घालीत. दोघींचे देवाशी बोलणे संपले की कुंपणावरून एकमेकींशी बोलणे सुरू होई.

पाऊस सरला की राजेळी केळ्यांची सुकेळी करायची. पिकलेली केळी सोलून मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. वाळून मधासारखा रंग आला की ती सोपटात बांधायची. कार्तिकात निर्मळची जत्रा भरे. तेथे आजी सुकेळ्यांची टोपली घेऊन बसे. त्या पैशांतून माझ्या दोन्ही आत्यांच्या शाळेची फी गेली. मुलींना इतके शिकवून काय करायचे, असे आजोबा म्हणत. आजी वाद घालीत नसे. टोपली उचलून चालू लागे.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हातातले काम तेथेच थांबे. दिवा लावून सारे घर तसबिरीपुढे गुडघे टेकी. त्या काळी चर्चमधील मिस्सा लॅटिन भाषेत होई. आम्हां मुलांना त्यातले काही कळत नसे. घरची प्रार्थना मात्र आपल्या भाषेत. जपमाळेत मारियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा येते आणि प्रभूने स्वतः शिकविलेली बापाची प्रार्थना सहा वेळा. आजी पुढे म्हणे आणि आम्ही मागून. एखादे पोर पेंगू लागले की तिचा हात हळूच त्याच्या पाठीवर येई.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या वाडीला बावखलाचे पाणी होते. नव्या पिढीतील भगिनींसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. त्यावर रहाट असे आणि पाटाने पाणी केळी-पानवेलींना जाई. आजोबा वारल्यावर वाटणी झाली आणि त्यांच्या धाकट्या भावाशी पाण्याच्या पाळीवरून तंटा सुरू झाला. प्रथम शब्दाला शब्द, मग अबोला. आमच्या घरच्या बाप्तिस्म्याला त्यांच्याकडून कोणी आले नाही. दोन वर्षे गेली. शेवटी माझ्या वडिलांनी वकील गाठला आणि कोर्टाचे कागद तयार करून आणले.

दिवस उपवासकाळाचे होते. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. त्या संध्याकाळी आजी नेहमीप्रमाणे जपमाळ म्हणू लागली. बापाच्या प्रार्थनेत, आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हांलाही कर, असे मागणे आहे. तेथे आली आणि ती थांबली. आम्हांला वाटले, विसरली. पण ती विसरणारी नव्हती. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, “रोज सहा वेळा देवापुढे खोटे बोलते आहे मी. आज नाही बोलवत.”

तिने कंदील उचलला. वडील रागावले. “आई, म्हणजे आपला हक्क सोडायचा का?” तिने शांतपणे सांगितले, “हक्क नाही सोडत. अबोला सोडते.” आणि माझा हात धरून ती अंधारातून बांधाबांधाने दिराच्या घरी गेली.

ती मंडळीही गुडघे टेकूनच बसली होती. आजी उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, “भावजी, माळ आमच्याकडे अर्धी राहिली आहे. इथे पुरी करू का?” चुलतआजोबा काही बोलले नाहीत. उठून त्यांनी भिंतीकडची चटई तिच्यासाठी सरकवली. पाण्याचा विषय त्या रात्री निघालाच नाही. तो निघाला आठ दिवसांनी, तोही भांडणावाचून. एक दिवस पाळी त्यांची, एक दिवस आमची. वडिलांचा राग मात्र लवकर गेला नाही. कोर्टाचे कागद पुष्कळ दिवस पेटीत होते.

पुढे १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि त्यानंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली. आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा ऐकून आम्ही हरखून गेलो. आजीला विचारले, कसे वाटले? ती म्हणाली, “देवाला आपली भाषा आधीच येत होती. आता फादरांची सोय झाली.”

आजीला जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. चर्चच्या नोंदवह्यांत तिचे नाव तीन वेळा आहे: बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू. सुकेळी, आत्यांची शाळा, ती कंदिलाची रात्र, यांची नोंद कोठेच नाही. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी अशी एखादी आजी होऊन गेली असेल, मग ती जपमाळ ओढणारी असो की हरिपाठ म्हणणारी. तिची एक तरी गोष्ट प्रत्येकीने लिहून ठेवावी, एवढीच विनंती.

वसईतील कितीतरी बावखले आज भराव घालून बुजविली गेली आहेत. आमचे अजून आहे. रहाट गेला, पंप आला, आणि दोन्ही घरांतील नातवंडे शहराकडे गेली. जागेला चांगला भाव येईल, असे सांगणारे अधूनमधून येतात. गेल्या वर्षी दोन्ही घरची माणसे त्यासाठी एकत्र बसली. कोणीतरी कंदिलाच्या रात्रीची आठवण काढली. मग चहा झाला आणि तो विषय तेथेच राहिला.