घरच्या संगणकावर ध्वनी-सीडी : आवाज बिघडतो तो कोठे?

छत्तीसगडमधील भिलाई शहरात, स्मृतिनगरसारख्या निवासी वसाहतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या कपाटांत दोन प्रकारच्या ध्वनिफिती आढळतात. काही बाजारातून विकत आणलेल्या, तर काही घरीच ध्वनिमुद्रित केलेल्या. पहिल्या प्रकारातील बहुतेक गाणी पुन्हा मिळू शकतात. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ पुढे ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत, सीडी अशा सर्व रूपांत आले. त्याची एखादी प्रत खराब झाली तर दुसरी आणता येते. मात्र आजीने म्हटलेल्या भुलाबाईच्या गाण्यांची, बारशाच्या पाळण्याची किंवा गणेशोत्सवातील भजनाची घरगुती फीत जगात एकच असते. अशा फिती संगणकात उतरवून त्यांच्या सीडी तयार करण्याचे काम २००० नंतरच्या दशकात असंख्य घरांनी हाती घेतले आणि अनेक ठिकाणी ते अजून अपुरेच आहे. तयार झालेल्या सीडीचा आवाज चिरका, घोगरा किंवा तुटक येतो, ही त्यातील नेहमीची तक्रार. दोष बहुधा सीडी रायटरला दिला जातो. प्रत्यक्षात आवाज बिघडलेला असतो तो त्याच्या बराच आधी.

भिलाईतील मराठी वस्तीला मोठी पार्श्वभूमी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत दुर्ग आणि नागपूर हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तर पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या या नव्या शहरात नोकरीसाठी देशभरातून माणसे आली. विदर्भ तर शेजारीच होता. त्यामुळे येथील जुन्या घरगुती फितींवर वऱ्हाडी आणि झाडीबोलीचे जे उच्चार सापडतात, ते आज घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या नातवंडांच्या तोंडी सहसा येत नाहीत. फीत खराब झाली की ते उच्चारही ऐकायला मिळणार नाहीत.

सीडी ‘राइट करणे’ असे आपल्याकडे म्हटले जाते. यंत्रात घडते ते मात्र भाजण्याच्या जवळचे असते. कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि रायटरमधील लेसर किरण त्यावर उष्णतेने सूक्ष्म खुणा उमटवतो. छापील सीडीवरील खळग्यांप्रमाणेच या खुणा सीडी प्लेयर वाचतो. ध्वनी-सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये निश्चित केले आणि १९८२ मध्ये या सीडी बाजारात आल्या. या मानकानुसार डाव्या व उजव्या अशा प्रत्येक वाहिनीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदला जातो. एका मिनिटाच्या ध्वनीला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते.

७०० मेगाबाइटच्या सीडीवर ८० मिनिटांचे गाणे, म्हणजे सुमारे ८०० मेगाबाइट, कसे मावते, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर आवाजाच्या दर्जाशी थेट निगडित आहे. सीडीच्या प्रत्येक विभागात २,३५२ बाइट असतात. संगणकीय माहिती साठवताना त्यांपैकी २,०४८ बाइटच वापरले जातात आणि उरलेले मुख्यतः चुका ओळखण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ध्वनी साठवताना ही जास्तीची राखीव जागाही गाण्यालाच दिली जाते. मूळची दुरुस्ती-व्यवस्था ध्वनी-सीडीतही असते आणि मार्गावरील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा खंड ती पूर्ण भरून काढते. त्याहून मोठा ओरखडा आला तर प्लेयर आजूबाजूचे नमुने पाहून मधली जागा अंदाजाने भरतो आणि तेही जमले नाही, तर टक्कन आवाज येतो किंवा क्षणभर शांतता पसरते. वर्ड फाइल उघडली नाही की बिघाड लगेच समजतो. गाण्यातील बिघाड मात्र बराच काळ झाकलेला राहू शकतो.

एमपीथ्री फाइलींची सीडी ही आणखी वेगळी बाब. त्या फाइली जशाच्या तशा उतरवल्या तर तयार होते ती माहितीची सीडी, आणि जुना प्लेयर ती वाजवत नाही. बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑडिओ सीडी’ हा पर्याय निवडल्यास त्या फाइली उलगडून वर सांगितलेल्या मानकात आणल्या जातात. मात्र १२८ केबीपीएसची एमपीथ्री बनवताना आवाजातील जे बारकावे गाळले गेले, ते या उलगडण्याने परत येत नाहीत. झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटणे हे त्याचे ओळखू येणारे लक्षण. म्हणून फितीवरून ध्वनी घेताना तो वेव्ह स्वरूपातच साठवावा आणि एमपीथ्री हवी असल्यास नंतर वेगळी करावी.

खरे काम टेपरेकॉर्डरपाशी सुरू होते. सर्वप्रथम कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या खिट्ट्या मोडाव्यात, म्हणजे चुकून लाल कळ दाबली गेली तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून कोरडे होऊ द्यावे. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे गुंडाळावी, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात. पावसाळ्याच्या दमटपणामुळे फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती तशीच चालवू नये. ती हेडवर पसरते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. साफसफाईनंतरही आवाज दबका, पांघरुणाआडून आल्यासारखा राहिला, तर हेडचा कोन बिघडलेला असण्याची शक्यता असते. हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवून, कानाने ऐकत, आवाज सर्वांत स्पष्ट येईल तेथे थांबावे लागते. संगणकात नंतर कितीही ‘ट्रेबल’ वाढवला तरी या एका स्क्रूची बरोबरी होत नाही.

त्यानंतर जोडणी. पूर्वीच्या संगणकांच्या मागील बाजूस साधारणतः निळी, हिरवी आणि गुलाबी अशी तीन छिद्रे असत. टेपरेकॉर्डरची तार निळ्या ‘लाइन-इन’ला जोडायची असते, अनेक घरांत ती मायक्रोफोनच्या गुलाबी छिद्राला जोडली गेली. मायक्रोफोनचा अतिक्षीण संकेत तेथे अनेक पटींनी वाढवला जात असल्याने टेपरेकॉर्डरचा जोरकस संकेत फाटतो, शिवाय दोन वाहिन्यांची एकच होऊन जाते. ‘सीडीचा आवाज चिरका येतो’ या तक्रारीमागे हे एकच कारण वारंवार आढळते. आजच्या बहुतेक लॅपटॉपना लाइन-इन नसतेच. त्यांच्यासाठी यूएसबीला जोडायचे, लाइन-इन असलेले स्वतंत्र साउंडकार्ड घ्यावे.

ध्वनिमुद्रणाची पातळीही काळजीपूर्वक ठरवावी लागते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या पट्टीवर सर्वांत मोठा आवाज उणे ६ ते उणे ३ डेसिबलच्या दरम्यान राहावा. शून्यावर जाऊन आदळलेला आवाज वरून छाटला जातो आणि तो छाटलेला भाग पुन्हा मिळत नाही. ध्वनिफितीवर काटा लालमध्ये गेला तरी चालून जाई. त्या सवयीने संगणकावर काम करणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

सतत घुमणारा ‘हंऽऽ’ असा आवाज हा घरगुती वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झचा असतो. टेपरेकॉर्डर आणि संगणक वेगवेगळ्या सॉकेटवर असले की अर्थिंगच्या तारांतून एक वेटोळे तयार होते आणि ही घरघर ध्वनीत मिसळते. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर जोडून पाहावीत. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून बॅटरीवर ध्वनिमुद्रण करावे. घरघर थांबली तर कारण सापडले. फितीची मूळची ‘हिस्स’ मात्र वेगळी. ती कमी करणारे पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असतात, पण ते बेतानेच वापरावेत. हिस्स पूर्ण घालवण्याच्या नादात आवाजातील श्वास, बांगड्यांची किणकिण आणि शब्दांतले ‘स’, ‘श’ही जातात आणि गाणारी व्यक्ती बादलीत तोंड घालून गात असल्यासारखी वाटते. थोडी हिस्स राहिलेली बरी.

आणखी एक दोष लवकर लक्षात येत नाही. अनेक साउंडकार्ड दर सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या गतीने चालतात, सीडीची गती ४४,१००. रूपांतर नीट न होता एका गतीचे मुद्रण दुसऱ्या गतीने वाजले, तर सूर पेटीच्या एका पट्टीहून अधिक वर चढतो किंवा खाली उतरतो. त्यामुळे सुरुवातीपासूनच ४४,१०० आणि १६ बिट हा पर्याय निवडणे सोयीचे.

एवढे झाल्यावर सीडी बनवण्याचे काम राहते आणि ते तुलनेने सोपे आहे. पूर्वी मधेच संगणक अडकला तर लेसरला माहिती मिळणे थांबे आणि सीडी वाया जाई. सान्यो कंपनीने २००० मध्ये आणलेल्या ‘बर्न-प्रूफ’ तंत्रानंतर आणि तशाच इतर उपायांनंतर हा त्रास जवळपास संपला. सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रॅक-अ‍ॅट-वन्स’ आणि ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ असे दोन पर्याय असतात. पहिल्यात दोन गाण्यांमध्ये साधारणतः दोन सेकंदांची पोकळी राहते. सलग चाललेले भजन किंवा मैफल तुकड्यांत विभागली असेल तर ही पोकळी ऐन तानेत येते. तेथे दुसरा पर्याय निवडून मधले अंतर शून्य करावे. शेवटी सीडी ‘फायनलाइझ’ करायला विसरू नये. तसे न केल्यास ती संगणकावर वाजते, दिवाणखान्यातील प्लेयरवर नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू प्रकाश फारच कमी परावर्तित करते, म्हणून जुने प्लेयर तिला ओळखतच नाहीत.

सर्वांत कमी वेगाने बर्न केलेली सीडी सर्वांत चांगली, हा समज अर्धाच खरा आहे. नंतरच्या काळातील कोऱ्या सीडींचे रंगद्रव्य वेगवान लेखनासाठीच तयार केलेले असल्याने अतिमंद गतीचा उपयोग होत नाही. १६ पट किंवा २४ पट हा मधला वेग बहुतेक ठिकाणी योग्य ठरतो. ५२ पट वेगाने दोनेक मिनिटे वाचतात, परंतु बाहेरच्या कडेला चुकांचे प्रमाण वाढण्याचा धोका असतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणून पहिली गाणी स्वच्छ आणि शेवटची दोन अडखळणारी, असे असेल तर संशय सीडीवर किंवा वेगावर घ्यावा.

बिघाड नेमका कोठे आहे हे शोधण्याची एक साधी रीत आहे. प्रथम संगणकातील मूळ फाइल हेडफोन लावून ऐकावी. खरखर तेथेच असेल तर पुन्हा सीडी बनवून काही साधणार नाही; फितीकडे आणि जोडणीकडे परतावे. फाइल स्वच्छ असेल तर सीडी दोनदा वाजवून वेळ टिपावी. दोन्ही वेळा तिसऱ्या मिनिटाच्या त्याच सेकंदाला टक्क आवाज आला तर दोष सीडीवर आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी आला तर प्लेयरच्या भिंगावर धूळ बसली आहे किंवा त्याचा लेसर थकला आहे.

तयार सीडीची चमकती बाजू आपण जपतो. खरी नाजूक असते ती वरची, लिहायची बाजू. परावर्तक थर त्या बाजूच्या लाखेखालीच असतो आणि बॉलपेनच्या टोकानेही तो दुखावतो. चिकटवायचे कागदी लेबल उन्हाळ्यात सुटते, तसेच फिरणाऱ्या सीडीचा तोल बिघडवते. भिलाईच्या मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेली सीडी फार दिवस टिकेल अशी अपेक्षा करू नये, कारण रंगद्रव्याचे शत्रू ऊन आणि उष्णताच आहेत. २००० नंतरच्या दशकात बनवलेल्या सीडी आता वीस वर्षांच्या आसपास पोचल्या आहेत. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन त्या वाचाव्यात आणि फाइली हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी ठेवाव्यात. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’सारखे सॉफ्टवेअर खराब भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि जेथे हार मानते ती जागा नोंदवून देते. कोऱ्या सीडींचे भारतातील मोठे उत्पादक मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेल्यापासून चांगली कोरी सीडी मिळवणेही अवघड झाले आहे. मूळ फीत मात्र टाकून देऊ नये. उद्या अधिक चांगल्या टेपरेकॉर्डरवर ती पुन्हा उतरवता येईल.

विकत घेतलेल्या गाण्यांबाबत कायद्याची मर्यादा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खासगी वापरासाठी योग्य त्या प्रमाणातील उपयोगाला मुभा देते. प्रती काढून विकणे त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो.

सीडीवर गाण्यांची नावे साठवणाऱ्या ‘सीडी-टेक्स्ट’ या सोयीत देवनागरीची व्यवस्था नाही. म्हणून कोणी गायले, ती व्यक्ती मूळची कोणत्या गावची, गाणे कोणत्या सणाचे आणि साल कोणते, हे कागदावर लिहून तो सीडीच्या डबीत ठेवावा.