शेवटची जोड : यात्रेतल्या कुस्तीच्या अभ्यासाकडे

कयाधूकाठच्या नर्सी नामदेवला बसून कुस्तीच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहावी, यात मला काहीच विसंगत वाटत नाही. आषाढीला पंढरपूर करून आलेले वारकरी पंधरा दिवसांनी, वद्य एकादशीला, संत नामदेवांच्या या जन्मगावी परतवारीला येतात. आणि यात्रा म्हटली की मराठवाड्याच्या मनात दर्शन आणि बाजार यांच्याबरोबर कुस्तीचा फडही येतोच. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तशी दंगलही रंगते. फडाभोवती बसलेल्यांना विचारा, कशासाठी थांबलात? शेवटच्या कुस्तीसाठी.

या विषयाकडे वळणाऱ्या तरुण अभ्यासकांचे स्वागत करताना मी त्यांना या शेवटच्या कुस्तीपाशीच नेईन. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या सुटतात, मग नारळाच्या. इनाम चढत जाते, उन्हे कलतात. मोठी जोड आत आली की हलगीचा ठेका बदलतो. दोघे मल्ल वाकून मातीला हात लावतात, चिमूटभर माती एकमेकांच्या अंगावर टाकतात, आणि खडाखडी सुरू होते. आपले बहुतेक लेखन इथून पुढचे असते: कोणी पट काढला, कोणी ढाक लावली, कोण चीत झाला. पण माझ्या मते खरे ज्ञान त्याआधीच खर्ची पडलेले असते. ही जोड लावली कोणी? कशावरून?

वस्ताद आणि पंच मल्लाचा हात हातात घेऊन पाहतात, मान पाहतात, दम किती टिकेल याचा अंदाज घेतात, गेल्या यात्रांमधले निकाल आठवतात. कागदावर क्रमवारी नसते; ती लोकांच्या आठवणीत असते. हे सगळे तोंडी शास्त्र आहे आणि ते लिहून घ्यायला आपण फार उशीर केला आहे.

जोड चुकली तर काय होते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावी फुलांच्या उत्सवाला जोडून १९०२ साली दोन विद्यापीठांचा फुटबॉल सामना ठेवला गेला. मिशिगनने स्टॅनफर्डवर ४९-० अशी मात केली आणि स्टॅनफर्डने वेळ संपण्याआधीच खेळ सोडला. मग फुटबॉल परत यायला १९१६ साल उजाडले. मधली काही वर्षे तिथे रथांच्या शर्यती झाल्या! आज तिकडे हंगामाअखेरीस क्रमवारीतले बलाढ्य संघ समोरासमोर आणायला समित्या बसतात. आपल्या पंचांचेच काम ते.

आपल्याकडे या निवडीला नियमाची चौकट मिळाली ती ‘महाराष्ट्र केसरी’त. १९६१ साली औरंगाबादला पहिला किताब दिनकर दह्यारींनी घेतला. पुढे गादी आणि माती असे दोन विभाग झाले आणि दोन्हीकडचे विजेते अंतिम फेरीत भिडू लागले. महिलांसाठी ही स्पर्धा व्हायला मात्र २०२३ उजाडले. सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. त्या उशिराचाही अभ्यास व्हायला हवा.

जानेवारी २०२० ची, पुण्यातल्या बालेवाडीची ‘महाराष्ट्र केसरी’ची अंतिम कुस्ती तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला पाहायला सांगेन. गादीकडून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, मातीकडून लातूरचा शैलेश शेळके, आणि दोघेही वस्ताद काका पवारांचेच पठ्ठे. हर्षवर्धन ३-२ ने जिंकला आणि हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन फिरला. रोज एकमेकांचे डाव अंगावर घेणाऱ्या मल्लांची कुस्ती अशी एका गुणावर येते. काका पवार लातूरचे. त्यांचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदारही लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेले. मराठवाड्यातून कोल्हापूर, तिथून पुणे, असा हा रस्ता आहे. गावागावांतून पोरे त्या रस्त्याने कशी गेली, त्यांच्या खुराकासाठी घरच्यांनी काय काय विकले, हे अजून नीट लिहिले गेलेले नाही.

तेव्हा पुढच्या यात्रेला वही घेऊन जा, पण संध्याकाळी नको. दुपारी, रेवड्या वाटल्या जात असताना पोहोचा. फेटेवाल्या म्हाताऱ्या वस्तादांच्या मागे बसा. त्यांचे डोळे फडावर नसतील. बाजूला लांग कसत उभ्या असलेल्या पोरांवर असतील. कोणाकडे बोट दाखवून काय म्हणतात, तेवढे शब्दशः उतरून घ्या.