शेणातलं स्फुरद : उकिरड्यापासून नाडेपच्या टाक्यापर्यंत

येडशीत खताविषयी बोलायचं तर सुरुवात उकिरड्यापासूनच करावी लागते. पावसाळ्यात उकिरड्यातून काळपट पाणी ओघळतं. त्यातून नत्र आणि पालाश जातं, तसं स्फुरदही जातं. ताज्या शेणातल्या स्फुरदाचा मोठा भाग पाण्यात विरघळणारा असतो.

1889 मध्ये इंग्रज सरकारनं डॉ. व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानची शेती पाहायला बोलावलं. 1893 च्या त्यांच्या अहवालात शेण चुलीत जातं याची मोठी खंत आहे. ती रास्तच, पण गोवरी जळाली की नत्र धुरात जातं, स्फुरद राखेत उरतं. राख शेतात पडली तर ते तोट्यात जात नाही.

पुढे इंदुरात, म्हणजे होळकरांच्या राज्यात, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. पुस्तक 1931 चं, दोघांच्या नावानं. (वाडांचं नाव आपणच विसरलो, हे जरा लागतं.) त्यांच्या ढिगात पालापाचोळा आणि शेण तर होतंच, शिवाय गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राखही असे.

हा माती घालण्याचा धागा आपल्याकडे पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, फार पुढे नेला. विटांचं जाळीदार टाकं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यात शेण सुमारे शंभर किलो, काडीकचरा चौदा-पंधराशे किलो आणि चाळलेली माती जवळजवळ साडेसतराशे किलो! लोक म्हणत, खत करता की माती भरता? पण आपली काळी माती चिकण आणि चुनखडीची. चुना स्फुरदाला धरतो, चिकणमाती अमोनिया धरते. शिवाय कुजताना जिवाणू काही स्फुरद स्वतःच्या अंगात घेतात. एकूण स्फुरद कमी होत नाही. वाहून जाणारं कमी होतं.

अमेरिकेत आर्कान्सात 1990 च्या दशकात कोंबडीखतात तुरटी मिसळून हेच साधलं. तिथं ओढ्या-तळ्यांत स्फुरद जाऊन शेवाळ माजत होतं. आपलं दुखणं बरोबर उलटं. इथली चुनखडी स्फुरद इतकं घट्ट धरते, की पिकाला मिळेना. म्हणून आपल्याकडे शास्त्रज्ञ कंपोस्टमध्ये रॉक फॉस्फेट कुजवायला सांगतात. कुजताना होणारी आम्लं ते थोडं मोकळं करतात. तेव्हा तुरटीची पाककृती इथं जशीच्या तशी उचलू नका. कोंबडीखताचा ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला असेल, तर मात्र पाऊस पडायच्या आत तो मातीनं झाका.