'आहे' दिसले की 'हॅव' नव्हे

इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजेच प्रेझेंट परफेक्ट टेन्स, मराठी भाषकाला प्रथमदर्शनी सोपा वाटतो. 'हॅव' किंवा 'हॅज' आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप, एवढीच त्याची रचना. 'तो आला आहे' म्हणजे 'ही हॅज कम' हे समीकरण शाळेतच पाठ होते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ते अधिकच पक्के बसते. येथे मराठीत 'तो आला आहे', सिंधीत 'हू आयो आहे' आणि हिंदीत 'वह आया है' अशी एकाच घडणीची वाक्ये कानावर पडतात. मात्र रूप सारखे असले तरी वापर सारखा नाही.

पहिला फरक निश्चित काळाचा. 'मी काल अर्ज पाठवला आहे' हे मराठीत शुद्ध आहे. इंग्रजीत 'यस्टरडे' आले की 'हॅव' चालत नाही. तेथे 'आय सेंट' असा साधा भूतकाळच हवा. महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुरात अडकली. तारीख सांगितल्यामुळे येथे 'गॉट स्टक' म्हणावे लागते, 'हॅज गॉट स्टक' नव्हे.

दुसरा फरक नेमका उलट. 'मी दहा वर्षांपासून बदलापुरात राहतो' या वाक्यात 'आहे' नाही, तरीही इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळच लागतो : 'आय हॅव लिव्ह्ड इन बदलापूर फॉर टेन इयर्स'. पूर्वी सुरू झालेली गोष्ट आजही चालू असेल, तर इंग्रजी भाषा तिची सांगड आजच्या क्षणाशी घालते. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, अशी नोंद आहे. मंदिर आजही उभे असल्याने 'द टेम्पल हॅज स्टुड हिअर फॉर ओव्हर नाइन हंड्रेड इयर्स' असे म्हणतात.

'पासून' या एका शब्दासाठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. आरंभबिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स', कालावधी मोजायचा असेल तर 'फॉर'. उल्हासनगरला हे नाव १९४९ मध्ये मिळाले. म्हणून 'सिन्स नाइन्टीन फॉर्टी-नाइन', पण 'फॉर मेनी डिकेड्स'.

'गेला आहे' आणि 'जाऊन आला आहे' हा भेद मात्र मराठी भाषकाच्या उपयोगी पडतो. 'ही हॅज गॉन टु पुणे' म्हणजे तो अजून परतलेला नाही. 'ही हॅज बीन टु पुणे' म्हणजे तो जाऊन आला आहे.

या बारकाव्यांची किंमत नोकरीच्या मुलाखतीत कळते. अंबरनाथच्या कारखान्यात पाच वर्षे काम करणारा उमेदवार 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणाला, तर ऐकणारा ती नोकरी सुटली असे समजतो. 'आय ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स' हे भारतात सर्रास ऐकू येते. पण प्रमाण इंग्रजीत 'आय हॅव वर्क्ड' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स' हेच योग्य. अमेरिकेत नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठी साधा भूतकाळही चालतो. परंतु चालू असलेल्या गोष्टीबाबत ही सवलत तेथेही नाही.

सरावासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. वाक्यात 'काल', 'गेल्या वर्षी' किंवा तारखेसारखा सरलेला काळ आहे काय? असल्यास 'हॅव' टाळावे. मराठी क्रियापदाच्या जागी 'करत आलो आहे', 'राहत आलो आहे' असे रूप बसते काय? बसत असल्यास 'हॅव' वापरावे. लोकलची वाट पाहताना रोज अशी पाच वाक्ये मनाशी तपासली, तरी हा काळ हळूहळू अंगवळणी पडतो.