विटाळ आणि गोळी

शिरड शहापूरला मल्लिनाथाचे दिगंबर जैन मंदिर आहे. तिथे मांस निषिद्ध. पण मराठवाड्याच्या अन्नाचा इतिहास तिथेच संपत नाही. गावकुसाबाहेर चान्या वाळत, रक्ती शिजे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) मध्ये ते नोंदवले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितले ते माणुसकीसाठी. कलेजी निकस म्हणून नव्हे. १९४८ साली जनावराच्या कलेजीतूनच शास्त्रज्ञांनी बी-१२ जीवनसत्त्व वेगळे काढले. ते सूक्ष्मजंतू घडवतात, धान्या-भाजीत नसते. दूधही वर्ज्य करणाऱ्याला ते बाहेरून घ्यावेच लागते. गोळीला विटाळ नाही! मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. आणि गरोदर मजूरबाईला सरकारी दवाखान्यात रक्तवाढीची जी गोळी मिळते, तिच्यात लोह आणि फोलिक आम्ल असते, बी-१२ नसते.