बैठकीतील पालकांचे आसन : एका हक्काचा इतिहास

आपल्या समाजातील कित्येक घरांची मुले आणि नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी एखादे मूल उशिरा बोलू लागते, एखाद्याला अक्षरे जुळवताना अडचण येते, एखाद्यास स्वमग्नतेचे निदान होते. मग शाळेकडून पालकांना एका बैठकीचे पत्र येते. तेथे तिला ‘आयईपी’ची बैठक म्हणतात, आपण तिला वैयक्तिक शिक्षण आराखड्याची बैठक म्हणू. इकडील वडीलधाऱ्यांना हे पत्र म्हणजे मुलाविषयीची तक्रारच वाटते आणि ‘शाळा सांगेल तेथे सही करून या’, असा सल्ला दूरध्वनीवरून दिला जातो. हा सल्ला किती घातक आहे, हे त्या बैठकीचा इतिहास जाणल्यावर ध्यानी येते.

१९७० पर्यंत अमेरिकेतील अनेक राज्यांत विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेची दारे बंद होती. पेनसिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांचे ‘मानसिक वय’ न गाठलेल्या मुलास प्रवेश नाकारण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. तेथील पालकांच्या संघटनेने १९७१ मध्ये न्यायालयात धाव घेतली आणि १९७२ मध्ये या मुलांचा शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टन येथे सात मुलांच्या वतीने दावा लढवला गेला. शिक्षण मंडळाने पैशाच्या अभावाची सबब पुढे केली. न्यायमूर्ती जोसेफ वॉडी यांनी ती फेटाळली. निधी अपुरा असला, तरी त्याची झळ याच मुलांना अधिक बसता कामा नये, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

या लढ्यांतून २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या स्वाक्षरीने देशव्यापी कायदा झाला. त्या वेळी ८० लाखांहून अधिक मुलांना अशी गरज असून त्यांपैकी निम्म्यांहून अधिक मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि सुमारे १० लाख मुले शाळेबाहेरच आहेत, असे संसदेने त्या कायद्यातच नमूद केले. प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा हवा आणि तो करताना पालकांना स्थान हवे, ही या कायद्याची मोठी देणगी होय. १९९० मध्ये कायद्याचे नाव बदलले आणि स्वमग्नतेचा त्यात स्वतंत्र समावेश झाला. २०२५ हे या कायद्याचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते.

हक्काचा अर्थ मात्र न्यायालयांत घडत गेला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलास शैक्षणिक लाभ व्हावा अशा रीतीने आराखडा आखलेला असावा, एवढीच अपेक्षा ठेवली. २०१७ मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी एकमताच्या निर्णयात ती उंचावली : मुलाची परिस्थिती ध्यानात घेऊन त्याची समुचित प्रगती साधेल, असा आराखडा हवा. या दोहोंच्या दरम्यान, २००५ मध्ये, आणखी एक निर्णय झाला. आराखड्याविरुद्ध जो दाद मागतो, त्यानेच आपले म्हणणे सिद्ध केले पाहिजे, असे त्यात ठरले. काही राज्यांचे कायदे याबाबत वेगळे आहेत. तथापि पालकांनी कागदपत्रे जपण्याचे महत्त्व या निर्णयाने अधोरेखित केले.

म्हणूनच बैठकीची तयारी घरातून सुरू व्हावी. मुलाच्या शालेय नोंदी व चाचण्यांचे अहवाल बैठकीपूर्वी पाहण्याचा पालकांना हक्क आहे; तो लेखी अर्ज करून वापरावा. मूल काय करू शकते, कोठे अडते आणि वर्षभरात काय साधावे, हे एका कागदावर मांडावे. ‘वाचन सुधारेल’ यासारखे मोघम उद्दिष्ट स्वीकारू नये. किती, केव्हापर्यंत आणि ते कसे मोजणार, हे विचारावे. मुलास ओळखणारी जाणती व्यक्ती सोबत नेता येते. पालकांना इंग्रजी समजणे कठीण जात असेल, तर दुभाष्याची व्यवस्था करणे ही शाळेची जबाबदारी आहे. मराठी भाषकांनाही हे लागू आहे. विशेष सेवा प्रथम सुरू करण्यास पालकांची लेखी संमती लागते, म्हणून मसुदा घरी आणून शांतपणे वाचावा. शाळेची चाचणी मान्य नसल्यास स्वतंत्र चाचणीची मागणी करता येते. आराखड्याचा आढावा वर्षातून किमान एकदा घ्यावाच लागतो, हेही विसरू नये.

अमेरिकेतील हे नियम आपल्या देशास लागू नाहीत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला स्थान दिले आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य शाळांवर सोपवले. तेव्हा लेखी नोंद ठेवण्याची आणि नम्रपणे परंतु ठामपणे प्रश्न विचारण्याची सवय येथेही तितकीच उपयोगी पडेल.

त्या बैठकीतील पालकांचे आसन कोणी दयेपोटी मांडलेले नाही. ज्यांच्या मुलांना दारातूनच परत पाठवले गेले, त्या आईबापांनी ते मिळवले आहे. आजी-आजोबांनी आपल्या मुलांना आता इतकेच सांगावे : मान खाली घालून जाऊ नका, कागद हाती घेऊन जा.