ओक पार्क : ठरवून मिश्र राहिलेले उपनगर

शिकागो शहराच्या पश्चिम सीमेला लागून असलेले ओक पार्क हे अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील एक लहानसे उपनगर. क्षेत्रफळ जेमतेम १२ चौरस किलोमीटर, तर लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ५४,५८३. कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा जन्म १८९९ मध्ये येथेच झाला. वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांनी १८८९ ते १९०९ अशी वीस वर्षे येथे राहून काम केले. त्यांच्या येथील 'युनिटी टेम्पल' या वास्तूचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नगररचना आणि समाजशास्त्र यांच्या अभ्यासकांना मात्र ओक पार्क परिचित आहे ते अगदी वेगळ्या कारणाने. शिकागोच्या पश्चिम भागातील वस्त्या एकामागून एक गौरवर्णीयांच्या होत्या त्या पूर्णतः कृष्णवर्णीयांच्या होत गेल्या, त्या काळात ओक पार्कची वस्ती मिश्र झाली आणि मिश्रच राहिली. हे आपोआप घडले नाही. त्यामागे धोरण होते.

आकडे काय सांगतात?

१९७० च्या जनगणनेत ओक पार्कची लोकसंख्या ६२ हजारांच्या वर होती आणि त्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. १९८० मध्ये ते सुमारे ११ टक्के, १९९० मध्ये १८ टक्के आणि २००० मध्ये २२ टक्क्यांच्या थोडे वर गेले. २०१० मध्ये ते किंचित घटून २२ टक्क्यांच्या आत आले आणि २०२० मध्ये एकपंचमांशाहूनही कमी झाले. गौरवर्णीय २००० मध्ये ६९ टक्क्यांच्या आसपास होते, २०१० मध्ये ६८ टक्क्यांच्या आसपास. आशियाई वंशाच्या लोकांचा वाटा या दोन्ही वेळी चार ते पाच टक्क्यांच्या दरम्यान होता. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक लॅटिन अमेरिकेशी नाते सांगणारे, याच दशकात साडेचार टक्क्यांवरून सुमारे सात टक्क्यांवर पोहोचले.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी लागते. अमेरिकेच्या जनगणनेत वंशाची नोंद प्रत्येकाने स्वतः सांगितल्याप्रमाणे होते. २००० पासून एकाहून अधिक वंश नोंदविण्याची मुभा आहे. २०२० पर्यंतच्या गणनांत हिस्पॅनिक असणे हा वंश मानला गेला नाही. त्याचा प्रश्न स्वतंत्र होता. त्यामुळे हिस्पॅनिक व्यक्ती गौरवर्णीयांतही मोजली जाई आणि कृष्णवर्णीयांतही. म्हणूनच सर्व टक्केवारींची बेरीज शंभरावर जाऊ शकते. २०२४ मध्ये हे दोन्ही प्रश्न एकत्र करण्याचा निर्णय अमेरिकी सरकारने जाहीर केला. या वर्गवाऱ्या किती बदलत्या असतात, याचे उदाहरण भारतीयांचेच आहे. १९७० च्या गणनेत भारतीय वंशाचे लोक गौरवर्णीयांत धरले गेले होते. १९८० पासून त्यांची नोंद आशियाई गटात स्वतंत्रपणे होऊ लागली.

वर्णाची अदृश्य भिंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकागो परिसरात कोणी कोठे राहावे हे केवळ ऐपतीवर ठरत नसे. घराच्या खरेदीखतातच 'हे घर कृष्णवर्णीयास विकू नये' अशी अट घातली जाई. अशी अट न्यायालयांनी अमलात आणणे घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तोवर दुसरी व्यवस्था रुजली होती. १९३० च्या दशकात सरकारी संस्थांनी शहरांचे नकाशे तयार करून 'धोक्याच्या' वस्त्या लाल रंगाने दाखविल्या. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास नेहमीच त्या रंगात येई आणि तेथे गृहकर्ज मिळणे दुरापास्त होई.

ही भिंत किती कठोर होती, याचा अनुभव रसायनशास्त्रज्ञ डॉ. पर्सी ज्युलियन यांना ओक पार्कमध्येच आला. काचबिंदूवरील औषध असलेल्या फायसोस्टिग्माइनचे कृत्रिम संश्लेषण १९३५ मध्ये यशस्वी करणारे आणि पुढे सोयाबीनपासून संप्रेरके तयार करण्याचा मार्ग दाखविणारे हे कृष्णवर्णीय संशोधक. १९५० मध्ये त्यांनी येथे घर घेतले. त्या नोव्हेंबरात, कुटुंब राहायला येण्यापूर्वीच, घर पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकण्यात आले. ज्युलियन यांनी गाव सोडले नाही. १९७५ मध्ये निधन होईपर्यंत ते तेथेच राहिले. आज गावातील एका शाळेला त्यांचे नाव आहे. त्याच १९५१ च्या जुलैमध्ये शेजारच्या सिसेरो येथे हार्वी क्लार्क यांचे कृष्णवर्णीय कुटुंब भाड्याने राहायला येताच हजारोंच्या जमावाने ती इमारत उद्ध्वस्त केली. दंगल शमविण्यासाठी नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले.

ऑस्टिनचा धडा

ओक पार्कच्या पूर्वेला केवळ एक रस्ता ओलांडला की शिकागोचा ऑस्टिन हा भाग लागतो. १९६० मध्ये तेथे जवळजवळ सर्व रहिवासी गौरवर्णीय होते. १९७० मध्ये सुमारे एक तृतीयांश आणि १९८० मध्ये जवळपास तीन चतुर्थांश वस्ती कृष्णवर्णीय झाली. या वेगामागे घरदलालांचा मोठा हात होता. गल्लीत एखादे कृष्णवर्णीय कुटुंब आले की दलाल दारोदार जाऊन 'आता किमती कोसळणार' अशी भीती घालत, घाबरलेल्या मालकांकडून घरे स्वस्तात घेत आणि अन्यत्र घर मिळू न शकणाऱ्या कृष्णवर्णीयांना तीच चढ्या दराने विकत. अशा रीतीने एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचे लोक नाडले जात. गौरवर्णीयांपाठोपाठ दुकाने, बँका आणि गुंतवणूकही निघून गेली. शाळांची स्थिती खालावली.

ऑस्टिन आणि ओक पार्क हे मुळात एकाच टाउनशिपचे भाग. १८९९ मध्ये ऑस्टिन शिकागोत विलीन झाले. ओक पार्कने १९०२ मध्ये स्वतंत्र पालिका स्थापन केली. आपले निर्णय आपण घेण्याचा हा अधिकार ऑस्टिनकडे नव्हता, ओक पार्ककडे होता. पुढील घटनाक्रमात हा फरक निर्णायक ठरला.

भीतीवर उपाय

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरखरेदीत वर्णभेदास मनाई करणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत झाला. पुढच्याच महिन्यात ओक पार्कने स्वतःचा तसा नियम केला. १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड यांच्या पुढाकाराने 'ओक पार्क हाउसिंग सेंटर' सुरू झाले. भाड्याने घर शोधणाऱ्यांना तेथे विनामूल्य मार्गदर्शन मिळे. गौरवर्णीय इच्छुकांना ऑस्टिनलगतच्या पूर्व भागातील घरे आवर्जून दाखवायची आणि कृष्णवर्णीयांना गावाच्या सर्व भागांतील घरे खुली करून द्यायची, ही त्यामागची पद्धत. कोणताही एक भाग एकाच वर्णाचा होऊ नये, हा हेतू.

'घर विकणे आहे' अशा पाट्यांनी भरलेली गल्ली पाहून घबराट पसरते, म्हणून त्या पाट्यांवर बंदी आली. न्यू जर्सीतील विलिंगबोरो येथील अशीच बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. ओक पार्कमधील दलालांनी मात्र त्यानंतरही पाट्या न लावण्याची प्रथा स्वखुशीने पाळली. १९७५ मध्ये पालिकेचे नवे कार्यालय गावाच्या पूर्व भागात, ऑस्टिनच्या बाजूला बांधले गेले. ज्या भागातून लोक पळ काढतील अशी भीती होती, तेथेच पालिका ठाण मांडून बसली.

सर्वांत अभिनव योजना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील. नाव नोंदविणाऱ्या घरमालकास पाच वर्षांनंतर घर तोट्यात विकावे लागले, तर त्या तोट्याचा ८० टक्के भाग पालिका भरून देईल, अशी हमी देण्यात आली. या हमीपोटी पालिकेला कधीही भरपाई द्यावी लागली नाही. घरांच्या किमती कोसळल्या नाहीत. कोसळतील ही भीती मात्र खरी होती, आणि उपाय त्या भीतीवर होता.

आक्षेप आणि मर्यादा

या धोरणावर टीकाही झाली. १९७० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या संख्येला ठरावीक टक्केवारीची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव चर्चेला आला आणि तीव्र विरोधानंतर सोडून देण्यात आला. समतोल राखायचा म्हणजे कृष्णवर्णीय 'फार' होऊ नयेत असेच ना, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. तो आजही पूर्णतः निकालात निघालेला नाही. ऑस्टिनच्या दिशेने जाणाऱ्या अनेक गल्ल्यांची तोंडे वाहतूक नियंत्रणासाठी बंद करण्यात आली. पलीकडच्या रहिवाशांना त्यात वेगळाच अर्थ दिसतो.

एकत्र राहणे म्हणजे समान असणे नव्हे, हेही दिसून आले. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स यांनी २०१८ मध्ये 'अमेरिका टू मी' या दहा भागांच्या मालिकेत ओक पार्क व शेजारच्या रिव्हर फॉरेस्ट यांच्या सामाईक हायस्कूलचे चित्रण केले. एकाच छपराखाली शिकणाऱ्या गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला येणारे वर्ग, संधी आणि अपेक्षा यांतील अंतर त्यात स्पष्ट होते.

आजची कसोटी

१९७० च्या दशकात या गावापुढील प्रश्न गौरवर्णीय निघून जातील काय, हा होता. आज तो उलटला आहे. घरांच्या किमती आणि मालमत्ता कर इतके वाढले आहेत की मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना येथे टिकणे अवघड होते, आणि अमेरिकेतील उत्पन्न व संपत्ती यांची वर्णानुसार विभागणी पाहता त्याचा फटका कृष्णवर्णीयांना अधिक बसतो. २००० नंतर त्यांचे प्रमाण घटत गेले, ते या पार्श्वभूमीवर. दलाल, पाट्या आणि अफवा यांना तोंड देणारी जुनी साधने या बदलापुढे अपुरी आहेत, कारण बाजारभाव कोणाचाही वर्ण विचारत नाही. परवडणारी घरे किती बांधायची, कोठे बांधायची आणि त्यांचा भार कोणी उचलायचा, या निर्णयांवर ओक पार्कचे पुढील जनगणनेतील चित्र अवलंबून राहील.